मजुरीचा आकडा

टायर आले तेव्हा अण्णा घरात होते, नाहीतर ते चारही टायर गुमान गाडीला लागले असते.

अण्णा म्हणजे माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. एसटीत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी डेपोच्या टायर विभागात. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी कराडहून आठ दिवस पुण्याला आमच्याकडे आले होते. कुरिअरच्या पोऱ्याने चार टायर लिफ्टमधून वर आणले, दारात उभे केले आणि सही घेऊन गेला. लेकीने ते गॅलरीत नेऊन भिंतीला टेकवले. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला, एका टायरपाशी उकिडवे बसले आणि वरचं प्लास्टिक सोलून कडेवरून अंगठा फिरवायला लागले. डोळ्याला दिसत नव्हतं, पण बोटाला कळत होतं.

“काय शोधताय, मामा?”

“जन्मतारीख.”

लांबुळक्या चौकटीत चार उठावदार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. अण्णांचा अंगठा थांबला. “अठरा, पंचवीस. ठीक.” दुसरा टायर. “अठरा, पंचवीस.” तिसऱ्यावर अंगठा दोनदा फिरला. “पोरी, हे वाच बरं. माझा डोळा नको, तुझा वापर.”

तिने वाचलं. ४१२३. म्हणजे २०२३ सालचा एकेचाळिसावा आठवडा, ऑक्टोबर. चौथाही तोच. चारांत दोन टायर दीड वर्षाने थोरले निघाले.

“झालं?” अण्णा म्हणाले. “फोनवर चित्र बघून घेतलंस. चित्राला जन्मतारीख नसते.”

“मामा, सावलीत ठेवलेला टायर दोन वर्षांत काही कुजत नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या आणि दहा झाली की दिसायला कसाही असला तरी काढा, असं कंपन्याच सांगतात. हे दोन काही म्हातारे नाहीत.”

“मी कुठं म्हातारे म्हणालो? दोन वर्षांचा माल विकायचा तर दोन वर्षांचा म्हणून विकावा, तेवढा भाव पाडून. ताज्या भाजीच्या जुडीत कालची चार पानं घालायची नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहिली असतीस तर तिथंच अंगठा फिरवून ‘हा नको, तो दे’ म्हणाली असतीस.”

“गेले होते की. आधी तिथेच गेले होते.”

हे मला नवीन होतं. मुलगी काहीही घ्यायचं झालं तर आधी फोन उघडते, असा माझा समज.

“गाडीला १८५/६५ आर १५ लागतो. त्यांच्याकडे नव्हता. तर म्हणाले, ‘ताई, १९५ टाका, ग्रिप चांगली मिळेल, सगळे तेच टाकतात.’ मी म्हटलं, १८५ का नको? तर म्हणे, ‘तो पातळ पडतो.’ मामा, त्यांच्याकडे १८५ असता आणि १९५ नसता तर १९५ जड पडला असता, ॲव्हरेज खाल्ला असता.”

अण्णा हसले. खरं होतं ते त्यांनाही कळलं असावं.

गणित तिने केलेलं होतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. १८५/६५ आर १५ च्या अख्ख्या चाकाचा व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर, १९५/६५ चा ६३४.५. फरक दोन टक्क्यांचा. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशेदोनने पळत असेल. आभाळ कोसळणार नाही, पण गाडीच्या कंपनीने दाराच्या कडेला चिकटवलेल्या स्टिकरवर १९५ लिहिलेलं नाही, आणि दुकानदाराने ते सांगितलंही नाही.

“आणि दुसरी गोष्ट,” ती थांबेना. “फोनवर त्याच मापात एक स्वस्त टायर होता, ८४ टी. माझ्या गाडीला ८८ एच पाहिजे. ८४ म्हणजे एका टायरवर पाचशे किलो, ८८ म्हणजे पाचशे साठ. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. हे मला दुकानात कुणी सांगितलं असतं?”

“तू काय दोनशे दहानं पळवणार आहेस?”

“नाही. पण नागपूरला जायचंय, समृद्धीवरून.”

“मग बरोबर.” अण्णांचा आवाज बदलला. गमतीचा भाग संपला. “त्या अक्षराचा अर्थ पायाला किती दाबायचं असा नसतो. टायर किती गरमी सोसेल, असा असतो. सिमेंटचा रस्ता, विदर्भातलं ऊन, तीन-तीन तास एकाच वेगानं. त्यात हवा कमी असली की कड दर फेऱ्याला वाकते आणि आतून तापते. टायर फुटतो तो खिळ्यानं क्वचित, गरमीनं जास्त.”

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, शेवटचा ५ जून २०२५ ला. मोटारींना ताशी १२० ची मुभा. २०२३ मध्ये परिवहन खात्याची माणसं त्याच्या प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासत होती आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवत होती. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की कायद्यानेच तो संपला. लेकीच्या गाडीचे जुने टायर तिथपर्यंत आलेले होते, म्हणून तर ही खरेदी.

“भावाचं काय?” मी विचारलं. इतका वेळ या दोघांच्या तोंडात पैशाचा विषय कसा नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

तिने कागद काढला. दुकानात एका टायरला साडेसहा हजार सांगितले होते. चारांचे सव्वीस हजार, त्यात बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं आलं. फोनवर पाच हजार सातशे, म्हणजे चारांचे बावीस हजार आठशे, पण नुसता माल घरपोच.

“बत्तीसशे वाचले,” ती म्हणाली.

“अजून बसवायचेत.”

“ते धरूनही वाचतील. आणि मामा, टायरवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांचा अठरा झाला ना, २२ सप्टेंबर २०२५ पासून? फोनवर आठवड्याच्या आत आकडा खाली आलेला मी पाहिला. दुकानात मात्र ‘ताई, जुना स्टॉक आहे, आम्ही जुन्या भावाने भरलाय.’”

इथे मला तोंड घालावं लागलं. जुन्या मालावर भरलेल्या कराची वजावट व्यापाऱ्याला मिळते, तेव्हा ती सबब लंगडीच. लंगडी सबब हसऱ्या चेहऱ्याने सांगितली की गिऱ्हाईकही हसून मान डोलवतं, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. स्क्रीनला चेहरा नाही, म्हणून तिथे आपण निष्ठुरपणे भाव बघतो.

“दुकानदार म्हणजे लुटारू, असं समजू नकोस हां,” अण्णा म्हणाले. “भाव तो ठरवत नाही.”

ही गोष्ट मला पेपरात वाचलेली आठवत होती. ट्रक-बसच्या नायलॉन टायरच्या बाजारात कंपन्या संगनमताने भाव ठरवतात, असा ठपका स्पर्धा आयोगाने पाच मोठ्या टायर कंपन्यांवर आणि त्यांच्या संघटनेवर ठेवला होता. कंपन्यांचा दंड सतराशे अठ्ठ्याऐंशी कोटींच्या वर. आदेश २०१८ चा, जाहीर झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. पुढे डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने ते प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत धाडलं. पण लक्षात राहण्यासारखं हे की मूळ तक्रार टायर विक्रेत्यांच्या महासंघाकडून आली होती. म्हणजे दुकानदारांकडूनच.

“बघ,” अण्णा म्हणाले.

“बघितलं. पण मी त्यांना लुटारू म्हटलंच नव्हतं, मामा. मी म्हणते, माहिती लपवली की माझा विश्वास जातो. दोन वर्षांपूर्वी पुढचे दोन टायर बदलले ना, तेव्हा त्यांनी नवे कुठे लावले? पुढे. आता सगळ्या मोठ्या कंपन्या सांगतात की दोनच नवे घेतले तर ते मागे लावायचे.”

“कोण म्हणतं?” अण्णा ताठ झाले. “एसटीत पुढच्या चाकाला नेहमी नवा टायर. रिमोल्ड केलेला फक्त मागं. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. माझ्या देखरेखीत एकदाही रिमोल्ड पुढं गेला नाही.”

“बसचं बरोबर असेल. मोटारीचं ऐका. पावसात पुढचे टायर घसरले तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मला कळतं, मी ॲक्सिलरेटर सोडते, गाडी सावरते. मागचे घसरले तर गाडीची शेपटी फिरते, आणि ती माझ्यासारखीला सावरता येत नाही. म्हणून चांगला टायर मागे.”

अण्णा बराच वेळ गप्प. गॅलरीच्या गजातून खाली बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्या बसला मागं चार चाकं. एक गेलं तरी शेजारचं धरून ठेवतं. तुझ्या गाडीला दोनच.” आणि थोड्या वेळाने, “हे मी कधी असं बघितलं नव्हतं.”

चौतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस असं म्हणतो, तेव्हा समोरच्याने गप्प बसावं. लेक गप्प बसली, हे तिचं मोठेपण.

दोन थोरल्या टायरांचं मग रीतसर झालं. बसवलेला टायर परत घेत नाहीत, न बसवलेला घेतात, ही अट तिने आधीच वाचली होती. ऑनलाइन व्यापाराचे नियम २०२० मध्ये आले. त्यानुसार तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवाडा महिन्याभरात द्यावा लागतो. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर विक्रेता देशात कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. तितकं काही लागलं नाही. तीन फोन झाले, आकड्यांचे फोटो गेले, दोन टायर गेले, सहा दिवसांनी दोन आले. अण्णांनी मुक्काम आठवड्याने वाढवला. डोळ्यासाठी म्हणाले.

“तीन फोन,” ते मला हळूच म्हणाले, “आणि दर वेळी माणूस वेगळा. दाजी, दुकानात एकच माणूस असतो. चुकला तरी तोच, सुधारला तरी तोच. शिवी द्यायला तरी माणूस ओळखीचा पाहिजे.”

हे मला पटलं आणि नाहीही पटलं. ओळखीच्या माणसाला आपण शिवी देत नाही, हीच तर अडचण. लेक त्या दुकानात १९५ वर वाद न घालता ‘बघते हं काका’ म्हणून बाहेर पडली होती. फोनवरच्या अनोळखी माणसाला मात्र तिने तारखेचे आकडे लावून धरले.

आता टायर बसवायचे कुठे? तिच्या मनात हायवेजवळचं मोठं, काचेचं वर्कशॉप होतं. अण्णांनी नुसतं विचारलं, “कोपऱ्यावरचा काय वाईट आहे?”

“मामा, त्यांच्याकडे टायर घेतला नाही आणि आता बसवायला तिथेच जायचं? मला लाज वाटेल.”

“त्याला वाटते का बघू.”

गेलो तिघे. दुकान म्हणजे एक गाळा, पुढे फुटपाथच्या कडेला हवेचं यंत्र, आत टायर उतरवायचं आणि बॅलन्सिंगचं, अशी दोन मशिनं. अलाइनमेंटसाठी मागच्या बोळात खड्डा. मालक साठीचे, हाताखाली दोन पोरं. डिकीतले आणि मागच्या सीटवरचे टायर बघितले आणि त्यांना कळायचं ते कळलं. चेहऱ्यावर काही आणलं नाही. “बसवायचेत? या.”

काम बघण्यासारखं होतं. पोराने जुना टायर उतरवला, रिमच्या कडेवरची माती तारेच्या ब्रशने खरवडली, जुना वॉल्व्ह कापून नवा ओढून बसवला. नव्या टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावलं. नव्या टायरवर एक पिवळा ठिपका असतो, तिथे टायर सगळ्यात हलका. तो ठिपका त्याने वॉल्व्हसमोर आणला, कारण वॉल्व्हच्या जागी रिम किंचित जड. हवा भरताना कड रिमवर चढली तेव्हा दोन ठोके वाजले. अण्णांनी दोन्ही मोजले. “चढली.”

तिसरं चाक बॅलन्सिंगच्या मशिनवर ४५ ग्रॅम दाखवायला लागलं. एवढ्या वजनाची शिशाची पट्टी ठोकून मोकळं होता आलं असतं. पोराने मालकाकडे बघितलं, मालकाने नुसती मान हलवली. पोराने हवा सोडली, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला, पुन्हा हवा भरली, पुन्हा मशिनवर चढवलं. १५ ग्रॅम.

“हे का केलं?” लेकीने विचारलं.

“टायरचं जड अंग आणि रिमचं जड अंग एका बाजूला आलं होतं, ताई. वजन ठोकून मशिन गप्प होतं. स्टिअरिंग शंभरला बोलतं.”

मी लेकीकडे पाहिलं. हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

नट आधी हाताने, मग समोरासमोरचे, असे आवळले. शेवटचा पाना अण्णांनी मागून घेतला आणि चारही चाकांचा एकेक नट स्वतः बघितला. मालकांना त्याचा राग आला नाही. “एसटीत होता काय?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि मग दोघं रिमोल्डच्या भट्टीबद्दल असं बोलायला लागले की अलाइनमेंट कधी झाली ते कळलंच नाही.

“किती द्यायचे, काका?” लेक म्हणाली.

“द्या काय ते.”

“नाही, सांगा ना.”

“तुम्हाला योग्य वाटतील ते द्या.”

“काका, मला खरंच कळत नाही. आकडा सांगा.”

माणूस अडखळला. खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. साडेसहा हजारांचा भाव न अडखळता सांगणारे हेच गृहस्थ. मला आधी वाटलं, टायर दुसरीकडून आणले म्हणून रुसलेत. तसं नव्हतं.

“काय आहे ताई,” शेवटी ते म्हणाले, “टायर विकायचो तेव्हा त्यात चारपाचशे सुटायचे. त्यात हे सगळं आलं. बसवणं, बॅलन्सिंग, नंतर वर्षभर हवा, मधे एखादं पंक्चर. वेगळं धरलंच नव्हतं कधी. आता टायर तुमचा आणि काम माझं. कामाचा भाव मी कधी काढलाच नाही. जास्त सांगितला तर तुम्ही म्हणणार, टायर घेतला नाही म्हणून वसूल करतोय.”

“आणि कमी सांगितला तर?”

“तर या पोरांचा पगार कुठून काढू?”

या सगळ्या टायरपुराणात मला महत्त्वाचं वाटलं ते एवढंच. आपण घेत होतो दोन वस्तू, रबर आणि हात, आणि पैसे देत होतो एकाच नावाने. रबराचा भाव उघड्यावर आला ते बरंच झालं. १९५ खपवणारा, जुना कर लावणारा त्यामुळे उघडा पडला. पण हाताचा भाव रबराखाली झाकलेला होता, आणि आता झाकण निघाल्यावर तो सांगायची सवय ना देणाऱ्याला ना घेणाऱ्याला. काचेच्या वर्कशॉपात भिंतीवर दरपत्रक असतं, तिथे कुणी लाजत नाही. इथे लाजतात.

अण्णांनी तिढा सोडवला. “बसवायचे दीडशे, बॅलन्सिंगचे दीडशे, वॉल्व्ह पन्नास. चार चाकांचे चौदाशे. अलाइनमेंट पाचशे. एकोणीसशे. पटतंय का? आणि बिल द्या.”

मालकांनी मान डोलावली. लेकीने फोन पुढे केला, पैसे गेले. बत्तीसशेतले तेराशे तिचे वाचले. त्यात तीन फोन, सहा दिवस आणि गॅलरीतली गिचमिड धरायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. जुने टायर मालकांनी ठेवून घेतले आणि त्याचे चारशे परत दिले. टायर घरी नेले असते तर गच्चीवर पाणी साचवून डासच पाळले असते.

“काका, क्लेमचं काही निघालं तर?” तिने जाता जाता विचारलं.

“या. मी विकलेला नाही, तेव्हा कंपनीचा माणूस माझ्यासाठी धावत येणार नाही. पण फॉर्म भरून देईन. खड्ड्यात आपटून कड फुगली तर मात्र सहसा कुणी देत नाही, ते आधीच सांगतो.” मग बोट उगारून, “पन्नासेक किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्या. आणि पहिले दोनशे किलोमीटर पावसात सांभाळून. नवं रबर निसरडं असतं.”

ती गाडीत बसली. मी बसलो. अण्णा मागच्या बाजूला उभे.

“स्टेपनी बघितली का कुणी?”

कुणीच नव्हती बघितली. ना तिने, ना पोरांनी, ना टायर विकणाऱ्याच्या फोनने. डिकी उघडली, नागपूरसाठी घेतलेल्या आहेराच्या पिशव्या बाजूला केल्या, गालिचा उचलला. गाडीबरोबर आलेली, सहा वर्षांत एकदाही जमिनीला न लागलेली स्टेपनी. नक्षी कोरी करकरीत. पोराने गेज लावला. काटा जेमतेम आठवर गेला.

“तेहतीस भर,” मालक म्हणाले.

यंत्र घरघरलं. लेकीने पुन्हा फोन काढला. “हवेचे किती, काका?”

मालकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पाण्याच्या ग्लासाचे पैसे विचारले.

“हवेचे काय घ्यायचे, ताई?”

“आता तुम्हीच म्हणालात ना, ते टायरमध्ये धरलेलं असायचं म्हणून?”

त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा डिकी लावत होते.